बदलापूर ते परळ : जन्मजात दोषाचं पिल्लू वाढवताना

पिल्लू घरी येतं तेव्हा अनेकदा ते पस्तीस-चाळीस दिवसांचंच असतं. आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी बंदी आहे, पण उल्हासनगरच्या पाच कॅम्पांत, अंबरनाथच्या पूर्व-पश्चिमेला आणि बदलापूरच्या नव्या टॉवरांत हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. विकणारा सांगतो, पहिली लस झाली आहे, जंताचं औषध दिलंय, ‘डबल बोन’ आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर मागाहून येतील. पुढच्या लशीसाठी दवाखान्यात नेलं की डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच ठेवतात. किंवा पिल्लू खाल्लेलं सगळं तसंच्या तसं बाहेर टाकतंय म्हणून एक्स-रे निघतो. किंवा भावंडं धावायला लागली तरी हे अजून पोटावर सरपटतंय, हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मग ‘जन्मतःच आहे’ हे शब्द कानावर पडतात आणि घरातली सगळी माणसं एकच विचारतात: जगेल का?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण ‘जन्मजात दोष’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. काही दोष एका शस्त्रक्रियेने कायमचे जातात. काहींना आयुष्यभर सांभाळावं लागतं, पण सांभाळता येतं. काहींपुढे कुणाचंच काही चालत नाही. आपल्या भागात ही विभागणी करण्याआधीच माणसं हात टेकतात. दोषाचं नाव कळायला लागणारा उशीर हा कित्येकदा दोषाइतकाच पिल्लाच्या जिवावर उठतो, असं माझं ठाम मत आहे, आणि हा आढावा त्याच बाजूने घेतला आहे.

सुरुवात हृदयापासून करू, कारण उशिराची किंमत तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. आईच्या पोटात पिल्लाची फुप्फुसं काम करत नसतात. फुप्फुसाकडे जाणारं रक्त एका छोट्या नळीतून परस्पर महाधमनीत वळवलेलं असतं. जन्मानंतर थोड्या दिवसांत ही नळी आपोआप बंद होते. ती उघडीच राहिली तर त्या दोषाला डॉक्टर ‘पीडीए’ म्हणतात. मग महाधमनीतलं रक्त उलट फुप्फुसात शिरत राहतं, हृदयाच्या डाव्या बाजूवर दुप्पट काम पडतं, ती फुगत जाते आणि एक दिवस फुप्फुसात पाणी भरतं. पॉमेरेनियन, पूडल, माल्टीज, जर्मन शेफर्ड या जातींत हा दोष जास्त आढळतो आणि नरांपेक्षा माद्यांत जास्त. उपचार न झालेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षातच जातात. वेळेत नळी बंद केली तर तेच पिल्लू इतर कुत्र्यांइतकं आयुष्य जगू शकतं. एकाच दोषाची ही दोन टोकं आहेत, आणि मधलं सगळं अंतर निदान कधी झालं यावर ठरतं.

पीडीए ओळखायला सुरुवातीला मोठी यंत्रं लागत नाहीत. पिल्लू शांत बसलं असताना त्याच्या डाव्या पुढच्या पायाच्या काखेत, जरा पुढच्या अंगाला, तळहात टेकवायचा. निरोगी पिल्लाचे ठोके सुटे सुटे लागतात. पीडीए असेल तर पुष्कळदा ठोक्यांच्या मधेही हाताखाली सलग थरथर जाणवते, मांजर मांडीवर घुरघुरत असावं तशी. स्टेथोस्कोपमधून तोच आवाज न थांबता ऐकू येतो. अर्थात प्रत्येक मर्मर, म्हणजे हृदयातला असा जादा आवाज, आजार नव्हे. कित्येक निरोगी पिल्लांना हलका मर्मर असतो आणि साधारण चार महिन्यांपर्यंत तो निघून जातो. म्हणून घाबरायचं नाही आणि ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून विसरायचंही नाही. आवाज सलग असेल, जोरात असेल, किंवा पिल्लू खेळता खेळता मधेच बसून धापा टाकत असेल तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचा. छातीची उघडी शस्त्रक्रिया करून नळी बांधता येते किंवा मांडीच्या धमनीतून बारीक नळी आत नेऊन तिथे जाळीचं बूच बसवता येतं. काही पिल्लांत मात्र फुप्फुसातला दाब इतका वाढतो की रक्ताचा प्रवाह उलटतो. त्यानंतर नळी बंद करणं हाच जिवाला धोका ठरतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मला नेहमी अस्वस्थ करतो. २६ ऑगस्ट १९३८ रोजी बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची उघडी राहिलेली नळी बांधली आणि माणसांमधल्या जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियेचं दार उघडलं. त्याआधी त्यांनी ती रीत कुत्र्यांवर बसवून पाहिली होती. १९४४मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ब्लॅलॉक, टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांनी निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी जी शस्त्रक्रिया केली, तिच्या आधीच्या प्रयोगांतून ॲना नावाची कुत्री वाचली होती. तिचं चित्र त्या संस्थेत लावलेलं आहे. माणसाच्या बाळाला जे मिळालं ते कुत्र्याच्या देहावरून शिकून मिळालं. तेच उपचार कुत्र्याच्या पिल्लाला द्यायची वेळ आली की ‘कुत्र्यावर एवढा खर्च?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी डोळ्यांसमोर आणावा.

इको कुठे होणार, हा आपल्या इथला खरा प्रश्न. तिन्ही शहरांत लस, पार्व्हो, गोचीड ताप, मोडलेलं हाड यांसाठी दवाखाने आहेत आणि चांगले डॉक्टर आहेत. पण कुत्र्याच्या हृदयाचा डॉप्लर बघून नळीचं माप सांगणारा किंवा पिल्लाच्या मेंदूचा एमआरआय वाचणारा तज्ज्ञ हवा असेल तर बहुधा मुंबई गाठावी लागते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. ते चालवणारी प्राणी क्रौर्य प्रतिबंधक संस्था १८७४ सालची. तिच्याच आवारात १८८६मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे. गरीब घरातल्या जनावराला जवळजवळ दीडशे वर्षं आधार देणारी ही जागा आहे. गर्दी असते, बसावं लागतं, पण शिकवणारे आणि शिकणारे दोघंही पिल्लू तपासतात, याचा दुर्मीळ दोषाच्या बाबतीत फायदाच होतो.

जुलै २०२४पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आहे. आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी रतन टाटांना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावं लागलं होतं आणि तिथे पोचेपर्यंत उशीर झाला होता, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. त्या अनुभवाचाही या रुग्णालयामागे वाटा आहे. ज्यांच्याकडे पैशाची ददात नव्हती त्यांनाही उशिराने गाठलं, तर बदलापूरच्या नोकरदाराचं काय? हे रुग्णालय आधी नवी मुंबईत व्हायचं होतं. मुंबईकरांना लांब पडेल म्हणून ते शहरात आणलं गेलं. मुंबईतल्या लोकांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्यांना नवी मुंबई जवळ पडली असती. ठाणे जिल्ह्याच्या या टोकाला अजून एका मोठ्या रुग्णालयाची गरज आहे, आणि कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या लोकप्रतिनिधींपुढे ही मागणी कुणी तरी नेटाने मांडायला हवी.

तोपर्यंत जायचं ठरलं तर तयारीने जावं. धाप लागणारं पिल्लू सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये नेण्याचा विचारही करू नये. गाडी करून काटई-शिळफाट्यामार्गे जायचं तर दुपारच्या उन्हाची वेळ टाळावी, काचा बंद आणि एसी चालू ठेवावा. स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी, आधीचे एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बरोबर असावा. व्हिडिओचं महत्त्व फार आहे. झटका, धाप, अन्न बाहेर पडणं, तोल जाणं यांपैकी काहीही डॉक्टरांसमोर ऐन वेळी घडेलच असं नाही. आपल्या तोंडी वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचं चित्रण निदानाला कित्येक दिवस आधी पोचवतं.

व्हिडिओतून निदान जवळजवळ उघड होतं असा दोष म्हणजे अन्ननलिका सैल आणि रुंद राहण्याचा, मेगाइसोफेगस. घरचे सांगतात, ‘उलट्या होतायत.’ पण उलटी होताना पोट आत-बाहेर होतं, पिल्लू अस्वस्थ होतं, लाळ गळते, पित्त पडतं. इथे तसं काहीच नसतं. पिल्लू मान खाली घालतं आणि न पचलेलं अन्न, पुष्कळदा लांबट आकारात, सहज खाली पडतं. अन्न पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. पिल्लू भुकेलं असतं, म्हणून पडलेलं पुन्हा खातं, आणि घरच्यांना वाटतं, भूक चांगली आहे म्हणजे बरं आहे. दिवसेंदिवस बरगड्या दिसायला लागतात. आईच्या दुधावरून घट्ट अन्नावर आणलं आणि त्याच आठवड्यात हे सुरू झालं, असं असेल तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी चुकीच्या बाजूला राहून अन्ननलिकेला फास घालते. तो फास शस्त्रक्रियेने सोडवता येतो, पण वरचा भाग ताणून निकामी होण्याआधी. दोन्हींतला फरक बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत बराचसा कळतो.

नुसत्या सैल अन्ननलिकेच्या पिल्लाला वाढवणं हे कष्टाचं काम आहे, पण ते बदलापूरच्या वन-बीएचकेतही होतं. तत्त्व साधं आहे: अन्ननलिका ढकलत नाही, तर वजनाने अन्न खाली उतरू द्यायचं. पिल्लाला उभं बसवून भरवायचं आणि खाऊन झाल्यावर वीस-तीस मिनिटं तसंच ठेवायचं. अमेरिकेतल्या एका कुटुंबाने बेली नावाच्या आपल्या कुत्र्यासाठी अशी खुर्ची बनवली आणि आता जगभर ती ‘बेली चेअर’ म्हणून ओळखली जाते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ती कुणीही सुतार प्लायमध्ये करून देईल. त्याला माप नीट सांगायला हवं. पिल्लाला ढुंगणावर टेकवून पाठ सरळ धरली की बुडापासून हनुवटीपर्यंत जी उंची भरते ती खुर्चीच्या आतली उंची. रुंदी इतकीच की त्याला वळता येऊ नये पण खांदे दबू नयेत. पुढे उघडणारी फळी, तिच्यावर ताटली ठेवायला कड, आतून पाठीला आणि बुडाखाली जाड कापड. कापडासाठी लांब जायला नको, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्ल्यांत ते सहज मिळतं. पिल्लू वाढेल तशी बुडाखालची गादी बदलायची, म्हणजे एकच खुर्ची काही महिने पुरते.

काय खाऊ घालायचं हे करून बघूनच कळतं. एका पिल्लाला पातळ पेज मानवते, दुसऱ्याला लाडवासारखे लहान गोळे. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. पाणी सर्वांत अवघड, कारण ते मागे येऊन श्वासनलिकेत उतरतं. म्हणून जिलेटिनच्या वड्या किंवा घट्ट केलेलं पाणी देतात. या आजारात पिल्लू बहुधा उपासमारीने जात नाही, फुप्फुसात अन्न जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाने जातं. खोकला, ताप, नाकातून शेंबूड, मलूलपणा यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. चांगली बातमी अशी की जन्मजात प्रकारातली काही पिल्लं वर्षभराची होईतो बरीच सुधारतात. २०१७मध्ये इटलीतल्या संशोधकांनी सिल्डेनाफिल या औषधाने अशा पिल्लांचं अन्न बाहेर पडणं कमी झाल्याचं दाखवलं. हे औषध डॉक्टरांनी दिलं तरच द्यायचं, मात्रा त्यांनीच ठरवायची.

इथे वेळेचा प्रश्न येतो, आणि आपल्या गावांत पैशाइतकाच तो मोठा आहे. सकाळी सहा-सातची लोकल पकडून रात्री नऊला परतणारं जोडपं दुपारचं भरवणं कसं करणार? ज्या घरात आजी-आजोबा आहेत, कॉलेजला जाणारं पोर आहे किंवा शेजारच्या काकू मनापासून करणाऱ्या आहेत, त्या घरात असं पिल्लू वाढतं. जिथे चौदा-पंधरा तास कुलूप असतं तिथे वाढत नाही. अशा वेळी सांभाळू शकणारं दुसरं घर शोधून पिल्लू त्यांच्या हाती देणं यात काहीही गैर नाही. बारवी धरणाच्या रस्त्याला किंवा स्टेशनबाहेर सोडून येणं हा मात्र १९६०च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच राहिला आहे, आणि हे आपल्याला लाज वाटावी असं आहे.

बाकीच्या दोषांकडे थोडं भरभर जाऊ. यकृताला वळसा घालून रक्त परस्पर पुढे जाण्याचा दोष, ज्याला शंट म्हणतात, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग अशा लहान जातींत जास्त दिसतो. अंडं, मटण, चिकन खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी पिल्लू गुंगल्यासारखं होतं, गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. पुष्कळ घरांत हे ‘आळशी आहे’ म्हणून दुर्लक्षिलं जातं. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त घेऊन बाइल ॲसिड तपासले की संशय पक्का होतो. मांसातल्या प्रथिनांपेक्षा दुधातली प्रथिनं या पिल्लांना सोसतात, त्यामुळे आपल्याकडचा दहीभात, थोडं पनीर यांच्या आधाराने डॉक्टर आहार बसवू शकतात. जोडीला लॅक्टुलोजचं सिरप असतं, जे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. यकृताबाहेरचा शंट शस्त्रक्रियेने हळूहळू बंद करता येतो.

टाळू न भरलेलं, डोकं घुमटासारखं वाढलेलं, डोळे खाली-बाहेर वळलेले, शिकवलेलं काही लक्षात न राहणारं पिल्लू असेल तर डोक्यात पाणी साठल्याची शंका घ्यावी. चिवावा आणि टॉय पॉम यांत हे जास्त. नुसती टाळू उघडी असणं म्हणजे आजार नव्हे. औषधांवर काही पिल्लं बरीच वर्षं काढतात, झटके आवरले नाहीत तर मात्र वाट खडतर असते. शिह त्झू आणि ल्हासा ॲप्सो यांच्यात काही पिल्लांची मूत्रपिंडं अपुरी घडलेली असतात. पिल्लू पाणी फार पितं, शू फार करतं, वाढत नाही. याला बरं करणारा उपाय नाही, आहाराने आणि औषधांनी दिवस वाढवता येतात.

बहिरं पिल्लू हा या सगळ्यांतला सर्वांत सोपा प्रकार, तरी त्याच्यावर सर्वांत लवकर फुली मारली जाते. डाल्मेशियनमध्ये आणि अंगावर फार पांढरं असलेल्या इतर कुत्र्यांत हे आढळतं. हाताच्या खुणा, टॉर्चची उघडझाप आणि रस्त्यावर कधीही पट्टा न सोडणं, एवढ्यावर ते सुखाने जगतं.

पोटावर सरपटणाऱ्या पिल्लांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे आपली घरंच आड येतात. मागचे पाय बाजूला फाकतात, छाती चपटी होत जाते. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर या पायांना पकडच मिळत नाही. टाइल्सवर रबरी मॅट, जुनी सतरंजी किंवा गोधडी अंथरायची, डॉक्टरांकडून शिकून मागचे दोन पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर बांधायचे, दिवसातून अनेकदा पाय हलवून द्यायचे आणि वजन फार वाढू द्यायचं नाही. हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू केलं तर पुष्कळ पिल्लं उभी राहतात. हे आठवडे पिल्लू विकणाऱ्याच्या किंवा रस्त्यावरच्या आईजवळ असतं, म्हणून ही नजर त्यांनाच हवी.

तोंडातल्या फाटलेल्या टाळूचंही तसंच. पाजल्यावर नाकातून दूध येत असेल तर तोंड उघडून टॉर्चने वरची बाजू पाहावी. अशा पिल्लाला नळीने दर दोन-तीन तासांनी दूध द्यावं लागतं आणि शस्त्रक्रिया साधारण तीन-चार महिन्यांची झाल्यावर होते. टाळू फाटण्याचं एक कारण आपल्या पावसाशी जोडलेलं आहे. जून ते सप्टेंबर कुत्र्यांच्या अंगावर बुरशी उठते आणि त्यावर ग्रिसिओफल्विन गोळी मेडिकलमधून परस्पर आणली जाते. गाभण कुत्रीला ही गोळी दिली तर पोटातल्या पिल्लांची टाळू फाटू शकते. ज्यांच्या घरी कुत्री व्यायची आहे, किंवा जे सोसायटीतल्या भटक्या कुत्रीला मायेने औषध देतात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवायलाच हवं.

पग हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे. २००३च्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर तो घराघरात शिरला. चपटं नाक, अरुंद नाकपुड्या, लांब मऊ टाळू, हे त्या जातीचं रूपच आहे, म्हणजे दोष ठरवूनच पैदास केलेला. बदलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या पुढे जातो, वीज जाते, आणि ज्याला घाम गाळून थंड होता येत नाही त्याला धापा टाकूनच जगायचं असतं. नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया तरुणपणीच झाली तर उपयोग जास्त होतो.

उन्हासारखाच इथला पाऊसही हिशेबात धरावा लागतो. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. हृदयासाठी पिमोबेंडन, फ्युरोसेमाइड किंवा झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन रोज घेणाऱ्या पिल्लाची गोळी अशा दिवसांत चुकता कामा नये. झटक्यांची गोळी एकदम बंद पडली तर झटके परत उसळतात. जून लागण्याआधी निदान पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्यावा.

खर्चाबद्दल दोन शब्द. पाळीव प्राण्यांचा विमा आता मिळतो, पण बहुतेक पॉलिसींमध्ये जन्मजात दोष वगळलेले असतात. बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सही करू नये. सोसायटीचं बोलणंही असतं: रात्री खोकतं, जिन्यात शू झाली, काढून टाका. पाळीव प्राण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याचं पत्रक सेक्रेटरींच्या हाती ठेवावं, आणि जिनाही आपणच पुसावा.

शेवटी तो प्रश्न, जो दवाखान्यात हळू आवाजात विचारला जातो: झोपेचं इंजेक्शन द्यायचं का? ज्या पिल्लाला बसल्या जागी श्वास पुरत नाही, झटके औषधाने थांबत नाहीत, अन्न कुठल्याही मार्गाने अंगी लागत नाही, त्याला शांतपणे जाऊ देणं हे प्रेमच आहे, आणि तो निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला कुणी बोल लावू नये. पण निदान होण्याआधी, केवळ ‘जन्मजात’ या शब्दाला घाबरून तो घेतला जाऊ नये. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी दिली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना रोज गुण द्यायचे. फ्रिजवर कॅलेंडर लावून घरातल्या प्रत्येकाने आपले गुण वेगळे लिहावेत. पिल्लाच्या सर्वांत जवळ असलेल्या माणसाला घसरण पुष्कळदा दिसत नाही. आकड्यांतून ती दिसते, आणि सुधारणाही दिसते.

हे सारं पिल्लू हातात आल्यानंतरचं. त्याआधीचं काम माणसांचं आहे. पेनसिल्व्हेनियात डोनाल्ड पॅटरसन यांनी १९६०च्या दशकात कुत्र्यांच्या जन्मजात हृदयदोषांचा अभ्यास केला आणि पूडलमधला पीडीए आनुवंशिक असल्याचं दाखवलं. तेव्हापासून हे ठाऊक असूनही ‘लाइन’ टिकवायची म्हणून जवळच्या नात्यातलं मेटिंग चालूच आहे. २००८मध्ये बीबीसीच्या ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ या माहितीपटाने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीच्या पैदाशीवरची बंदी कायम ठेवली, कारण ती जात आजारांशिवाय जन्मालाच येईनाशी झाली होती. आपल्या २०१७च्या नियमांत नोंदणी, मादीचं किमान वय, वर्षाला एकच वेत अशा अटी आहेत. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, हृदय ठीक आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून पैसे देण्याआधी पिल्लू आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून छाती, टाळू, डोकं, चाल एवढं तपासून घ्यावं. जो विक्रेता याला नकार देईल त्याच्याकडून घेऊ नये.

आणि दोष निघालाच तर विकणाऱ्याला तो लेखी कळवावा, इकोची प्रत जोडून, म्हणजे तीच जोडी पुन्हा लावली जाणार नाही. आपल्या पिल्लाची नसबंदी करून घ्यावी. हृदयाचा दोष असेल तर भूल देण्याआधी हृदयाच्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. एका वेतात पाच-सहा पिल्लं असतात. एक आपल्या घरी आलं, बाकीची उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनला, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ, बदलापूरच्या कात्रपला, कुठे तरी गेलेली असतात. विक्रेत्याकडून त्या घरांचे नंबर मागून घ्यावेत आणि त्यांना एक फोन करावा. त्यांच्या पिल्लाला अजून धाप लागलेली नसेल, आणि नळी बंद करायला हीच वेळ योग्य असते.